मांजराचं मी काय केलं

जळगावच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बाकावर बसले होते. शेजारी सावद्याची एक बाई होती, मांडीवर धापा टाकणारी मुलगी. तिच्याही मुलीला मांजराची ॲलर्जी निघाली होती. तिनं हळूच विचारलं, "ताई, तुमच्याकडं पण होती ना? मग मांजराचं काय केलं तुम्ही?"

मी म्हटलं, "दिली कोणाला तरी."

ते खोटं होतं. त्या बाईला खरं सांगितलं असतं तर माझे वाया गेले तसे तिचे चार महिने जाण्यापासून वाचले असते. म्हणून आता सगळं लिहिते आहे. यानं माझी शोभा वाढणार नाही, पण ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, मांजरं आहेत आणि मूल खोकतं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

आमचं घर

माझे वडील बोदवडला मालधक्क्यावर हमाली करायचे. त्यांनी मला बी. एस्सी. केलं. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आज मी धरणगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, आणि त्याचं सगळं श्रेय वडिलांच्या पाठीला आहे. हे आधीच सांगते, कारण पुढं मी ज्या चुका केल्या त्या अडाणीपणातून झाल्या असं कोणी म्हणू नये. नववीच्या मुलांना श्वसनसंस्था मीच शिकवत होते.

सासर धरणगावजवळच्या खेड्यात. घरात सासरे, त्यांना सगळं गाव नाना म्हणतं, माझे पती, आणि दोन मुली. कस्तुरी अकरा वर्षांची, ईश्वरी सहा. शेती कापसाची. आमच्या भागात वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव चढेपर्यंत तो घरातच पडून असतो. आमच्या पुढच्या खोलीत दिवाळीपासून खिडकीच्या गजांपर्यंत कापूस असायचा. मुलींना त्याच्यासारखं खेळायला दुसरं काही नाही. भिंतीवरच्या कोनाड्यात चढायचं आणि धपकन कापसात उडी मारायची. थंडीत दोघी त्यातच झोपायच्या.

कापूस आला की सरकीसाठी उंदीर येतात, म्हणून मांजर लागतेच. आमची भुरी चार वर्षांपासून होती. ती कापसातच व्यायची. त्या वर्षी तिला चार पिल्लं झाली.

पहिला झटका

डिसेंबरातली सकाळ. मी ईश्वरीची वेणी घालत होते. ती मध्येच म्हणाली, "मम्मी, घट्ट नको बांधू." मी म्हटलं, अजून रिबीन लावलीच नाही. "मग गळ्याला कोण बांधतंय?" असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी गळ्याजवळचा फ्रॉक ओढला आणि बटणं तोडली.

मुलाचा श्वास कोंडताना ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, ते आजारासारखं दिसत नाही. मारामारीसारखं दिसतं. कोणीतरी आतून मुलाला धरलं आहे आणि मूल सुटायला बघतं आहे. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जात होता, बरगड्यांमधली कातडी आत जात होती, पोट उलट्या बाजूला ढकललं जात होतं. ती माझ्या हातात नखं रोवत होती. तिची नजर माझ्यावर होती आणि तिला वाटत होतं, मम्मी बघतेय तर मम्मी सोडवेल.

आम्ही ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकली. निलगिरीचं तेल चोळलं. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तासाभरात ती बरी झाली आणि दुपारी पुन्हा कापसात उड्या मारू लागली. नाना म्हणाले, "थंडी बाधनी पोरले, दुसरं काही नही शे." मीही तेच मानलं. महिनाभरात असं तीनदा झालं.

निदानाचा दिवस

शेवटी जळगावला मुलांच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी ईश्वरीच्या हातावर पेनानं खुणा केल्या, एकेक थेंब ठेवला आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक टेकवलं. पंधरा मिनिटांत एका ठिकाणी गांधीलमाशी चावल्यासारखी गांध उठली. बाकीच्या खुणा जवळपास कोऱ्या.

"घरी मांजर आहे का गं?" डॉक्टरबाईंनी तिलाच विचारलं.

ईश्वरी खूश झाली. "एक मोठी आणि चार बारीक. बारक्यांचे डोळे उघडले आता. तुम्ही येणार बघायला?"

"मी आले तर तुझी मांजर मलाच ओरबाडेल."

"नाही ओरबाडणार. पप्पांनाच ओरबाडते फक्त."

डॉक्टरबाई हसल्या आणि मग माझ्याकडं वळून गंभीरपणे बोलल्या. दमा आहे. मांजराच्या लाळेतलं आणि कातडीच्या कोंड्यातलं द्रव्य हिला सोसत नाही. मांजर घराबाहेर ठेवा. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा. आणि हा श्वासाचा पंप स्पेसर, म्हणजे ही प्लॅस्टिकची नळी, लावून रोज दोन वेळा द्या, बरं वाटलं तरी द्या.

त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. मी पहिली ऐकली. बाकीच्या कानावरून गेल्या.

पंपाबद्दल तर मी ठरवूनच टाकलं होतं. एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, पोरीचं लग्न कसं होईल, असं आमच्याकडं सगळे म्हणतात. विज्ञान शिकवणारी मी, मीही तेच म्हणाले. पंप कपाटात पातळाखाली ठेवला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

बारदान

मांजर मारली तर सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मारायची नाही, पण घालवायची असेल तर एक रीत आहे. पोत्यात घालून पाण्यापलीकडं सोडायची. नदी ओलांडली की मांजर घरची वाट विसरते म्हणतात.

ईश्वरीच्या पप्पांनी बारदान घेतलं. भुरी दूध पाजत पडली होती. त्यांनी तिला मानेला धरलं आणि ती फिरली. मनगटापासून कोपरापर्यंत तीन चरे काढले, रक्त कापसावर उडालं. त्यांनी शिवी हासडून तिला पोत्यात कोंबलं आणि पोतं दोनदा जमिनीवर आपटलं.

नाना ओट्यावरून ओरडले, "अरे, मरी जाईन ती! पाप कोणले लागई?"

"माझी पोर मरतेय ते कोणाला लागेल?" पती ओरडले. नानांसमोर ते कधी आवाज चढवत नाहीत.

पिल्लांना टाकायला ते वाकले तेव्हा कस्तुरी धावली आणि तिनं त्यांच्या हाताचा चावा घेतला. साधा नाही, दात रुतेपर्यंत. त्यांनी तिला झटकलं, ती दाराच्या चौकटीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. ती रडली नाही. "तुम्हालाच घाला पोत्यात," एवढंच म्हणाली.

मोटारसायकलला पोतं बांधून ते गिरणेच्या पुलापलीकडं गेले. मी त्या दिवशी समाधानानं जेवले. आजार पोत्यात गेला असं मला वाटलं.

रविवार

आजार गेला नव्हता. दहा-बारा दिवसांत ईश्वरीला दोन झटके आले, आधीपेक्षा मोठे. तिची गादी जुनी झाली म्हणून आम्ही त्याच आठवड्यात घरचाच कापूस पिंजून नवी गादी भरली होती. स्वच्छ, पांढरी, मऊ. मी तिच्यावर हात फिरवून म्हणाले होते, आता माझी पोर सुखानं झोपेल.

रविवारी सकाळी मी पुढची खोली झाडत होते. कापसाच्या ढिगातून बारीक आवाज आला. हात घातला तर आत कस्तुरीचा जुना स्वेटर, स्वेटरमध्ये पिल्लू. चौथं. पोत्यात तीनच गेली होती, हे आम्ही मोजलंच नव्हतं. कस्तुरी दोन वेळचं आपलं दूध त्याला पाजत होती.

पुढं जे झालं तेही लिहिते.

अंगणात पऱ्हाट्यांचा भारा पडला होता, कापसाची वाळलेली झाडं, चुलीसाठी ठेवलेली. त्यातल्या दोन-तीन मी ओढून आत आणल्या आणि कस्तुरीला मारलं. पोटऱ्यांवर, पाठीवर, हात आडवे आणले तर हातांवर. "बहिणीला मारायला निघालीस? जीव घेतेस तिचा?" असं मी प्रत्येक फटक्याला म्हणत होते. पऱ्हाटी मोडली, मी दुसरी घेतली. नाना "सोड, सोड वं तिले" म्हणत उठले, पण त्यांचे गुडघे गेलेले, ते पोचेपर्यंत मी पिल्लू उचललं होतं.

मी ते दाराबाहेर फेकलं. फक्त बाहेर टाकायचं होतं असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते ओट्याच्या दगडी कडेवर आपटलं. आवाज झाला. मग ते हललं नाही.

ओट्यावर ईश्वरी उभी होती.

ती किंचाळली. किंचाळून श्वास संपला आणि नवा आत येईना. मी तिच्याकडं धावले. "रडू नको, श्वास घे! ईशू, श्वास घे!" ती माझ्यापासून मागं सरकत होती. मी तिला धरलं आणि रडं थांबावं म्हणून तिच्या तोंडावर चापट मारली. एकदा नाही, दोनदा. जिचा श्वास कोंडला आहे अशा मुलीच्या तोंडावर.

तिचे ओठ जांभळे पडले.

जळगावपर्यंत

शेजारच्यांची पिकअप गाडी होती. ईश्वरी माझ्या मांडीवर, पती पुढं. कपाटातला पंप मी उचलला होता, पण तो तातडीचा नव्हताच. रोज घ्यायचा होता, रोज घेतला असता तर ही वेळ आली नसती. तातडीचा पंप वेगळा असतो, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. वाटेत मी पंपावरची चिठ्ठी पहिल्यांदा वाचली.

दवाखान्यात तिला टेबलावर घेतलं. वाफेचा मास्क तोंडावर ठेवला तर ती अंगात आल्यासारखी झटापट करू लागली. तोंडावर येणारा प्रत्येक हात तिला मारायलाच येत होता. नर्सच्या पोटात तिनं लाथ मारली. चौघांनी धरलं. एकीनं डोकं, दोघांनी हात, आणि पाय मी. माझ्या पोरीचे पाय मी टेबलावर दाबून धरले आणि ती मास्कच्या आतून मला काहीतरी म्हणत होती. शब्द कळले नाहीत.

तासाभरानं पाय ढिले पडले. मला वाटलं, गेली. मी जोरात ओरडले. ती नर्स म्हणाली, "अहो ताई, झोपली ती. थकली. श्वास बघा ना." आणि तिनं माझा हात धरून ईश्वरीच्या पोटावर ठेवला. पोट सरळ वरखाली होत होतं. जिच्या पोटात लाथ बसली होती त्या बाईनं मला चहा आणून दिला. तिचं नाव मी विचारलं नाही, याची आजही खंत वाटते.

गादी

आम्ही पाच दिवस तिथं होतो. सकाळी सहाला वाफ, दुपारी वाफ, संध्याकाळी वाफ. मधल्या वेळात आमच्या दोघांत भांडणं. पती म्हणायचे, तू पिल्लू मारलंस. मी म्हणायचे, तुम्ही पोतं आपटलंत. खोलीतली दुसरी मुलं पांघरूण डोक्यावर घ्यायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "मांजर काढली ना? किती दिवस झाले?"

"पंधरा. एक पिल्लू राहिलं होतं, पण तेही आता..."

"मांजर गेली तरी तिचा कोंडा घरात कित्येक महिने राहतो. कापडात, गाद्यांत. गादी कशाची आहे तिची?"

"कापसाची. घरच्याच."

"घरच्या म्हणजे? कापूस कुठं ठेवता?"

मी सांगायला लागले आणि सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. चार वर्षं भुरी जिथं झोपली, व्यायली, अंग चाटत बसली, त्याच खोलीत दरवर्षी कापूस पडायचा. त्यातच मुली उड्या मारायच्या. आणि मांजर घालवल्यावर तोच कापूस आम्ही शिवून ईश्वरीच्या नाकाखाली अंथरला होता. मी पोरीला मांजराच्या अंथरुणातच झोपवत होते. एका पिल्लानं तिचं काही बिघडवलं असेल तर ते मूठभर. बाकीचा ढीग आमचा होता.

त्या दिवशी दुपारी नाना कस्तुरीला घेऊन एस. टी.नं आले. तिच्या हातांवरचे वळ काळेनिळे झाले होते, पूर्ण बाह्यांचा फ्रॉक घालून तिनं झाकले होते. ती पलंगापासून लांब भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिनं डॉक्टरबाईंनाच विचारलं, मला नाही.

"माझ्या पिल्लामुळं झालं का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खोलीतल्या सगळ्यांसमोर म्हटलं, "नाही. कापसामुळं झालं, पंप दिला नाही म्हणून झालं, आणि मी मारलं म्हणून झालं. तुझ्यामुळं नाही."

 पुढं बराच काळ ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. अजूनही गिरणेच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा ती खिडकीशी सरकते आणि खाली काठावर बघत राहते. भुरी परत आली नाही.

ढीग बाहेर

नाना त्याच संध्याकाळी गावी परतले आणि दुसऱ्या दिवशी माणसं लावून सगळा कापूस काढला. भाव चढायला अजून वेळ होता. कोणी तरी म्हणालं, "नाना, महिनाभर थांबा की." नाना म्हणाले, "भाव गया खड्डामा. तू उचल." नवी गादी त्यांनी मळ्यात नेऊन पेटवली. गोधड्या उकळल्या. भिंती झाडून पुसून चुना दिला. आता आमचा कापूस मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत असतो आणि उंदरांना पिंजरे आहेत.

पिल्लू त्यांनी चिंचेखाली पुरलं होतं. घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "नाना, ते सोन्याच्या मांजराचं... मी काय करू?"

त्यांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "सोनं ऱ्हाऊ दे, माय. पोरले पंप दे."

पंप

हे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. पंपाची सवय लागत नाही. लपवू नका. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. घेतल्यावर मुलाला चूळ भरायला लावा. तातडीचा पंप वेगळा असतो, तो हाताशी ठेवा, शाळेतही द्या. मांजर घालवायची असेल तर माणसासारखी घालवा, ज्याच्याकडं तिची काळजी घेतली जाईल अशा घरी द्या, आणि मुलांना सांगून द्या. नंतर गाद्या-पांघरुणांकडं वळा. मी मांजराशी लढले आणि गादीला कवटाळलं, तसं करू नका.

पण हे सगळं कळूनही मला पंप देता येईना. कारण पंप द्यायला स्पेसर तोंडाजवळ न्यावा लागतो, आणि माझा हात वर आला की ईश्वरी डोळे घट्ट मिटायची, मान खांद्यात घालायची, दात आवळायची. दात आवळलेल्या मुलीला औषध जात नाही. पहिल्या दिवशी मी जबरदस्ती केली, तिनं स्पेसर भिंतीवर फेकला. दुसऱ्या दिवशी मी विनवण्या केल्या, पाया पडले. उपयोग झाला नाही. तिला माझ्यावर राग नव्हता. ती माझ्याजवळ झोपायची, माझ्या हातचं जेवायची. फक्त हात वर आला की तिचं अंग तिचं ऐकत नव्हतं.

म्हणून कस्तुरी द्यायची. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला. ती कडक होती. "ए नाटकी, नीट ओढ. फुंकायचं नाही, ओढायचं, आणि दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा. म्हशीसारखं काय करतेस?" ईश्वरी हसायची आणि ओढायची. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायचे. माझ्या मुलीला जगवणारं औषध माझ्या हातून तिला जात नव्हतं. ते दुसऱ्या मुलीच्या हातून जात होतं, जिला मी त्याच हातानं फोडून काढलं होतं. एवढ्या वर्षांत मला कुठल्या मास्तरानं दिली नसेल अशी ही शिक्षा होती, आणि ती बरोबर होती.

उन्हाळा आला. झटके थांबले. ईश्वरी गल्लीत धावू लागली. तरी पंप चालूच होता.

मे महिन्यात कस्तुरी माझ्या माहेरी बोदवडला चार दिवस गेली. पती पहाटेच मळ्यात. सकाळी मी स्पेसर धुऊन, पुसून ईश्वरीसमोर ठेवला आणि लांब सरकून बसले. म्हटलं, तुझी तू घे. तिनं प्रयत्न केला. एका हातानं नळी धरायची आणि दुसऱ्यानं पंप दाबायचा, तिची बोटं पुरेनात. दोनदा फवारा हवेत गेला. ती चिडली.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. उठली, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझा उजवा हात मनगटाला धरून पुढं ओढला, तिच्या छातीपर्यंत. तिथं तिनं तो धरून ठेवला, जरा वेळ, वजन बघावं तसा, आणि मग त्यात स्पेसर दिला.

"इथं धर," ती म्हणाली. "वर नको उचलू. मी वाकते."

मी हात हलवला नाही. ती वाकली, नळी तोंडात घेतली, पंप दाबला आणि डोळे उघडे ठेवून श्वास ओढला. मी दहापर्यंत मोजलं.